सही जुळत नाही

हाताच्या पंजात सत्तावीस हाडं असतात.
पप्पांच्या उजव्या पंजात एकवीस.
सहा सातपूरच्या एका शेडमध्ये राहिली,
पॉवर प्रेसखाली, दुसऱ्या पाळीत,
मी टेस्ट सिरीजचा चौथा पेपर सोडवत असताना.
मोजायची नव्हती मला.
पण पहिल्या वर्षाला आधी हाडंच मोजायला शिकवतात.

शिष्यवृत्तीचा फॉर्म तसा सोपा.
उत्पन्नाचा दाखला, अधिवास, फीची पावती,
आणि हमीपत्रावर पालकाची सही.
खिडकीमागे पगार मॅडम बसतात.
आडनावच पगार. रांगेतलं कुणी हसत नाही त्यावर.
त्यांनी पासबुक शेजारी धरलं, चष्मा कपाळावर सरकवला,
म्हणाल्या, सही जुळत नाही गं.

कशी जुळेल.
पासबुकातली, पुंडलिकच्या प पासून खैरनारच्या र पर्यंत
एका दमात गेलेली, खाली दोन टिंबं.
ही डाव्या हाताची,
दुसरीतल्या पोरानं काढल्यासारखी,
पुंडलिक ओळीवर, खैरनार उतारावर.

सांगता आलं असतं.
फॉर्ममध्ये रकाना होता: अडचणीचे स्वरूप, पन्नास शब्दांत.
मी एकोणपन्नास लिहिले, त्यात हात नव्हता.
पप्पाच म्हणाले होते,
हाताचं लिहू नको.
लिहिला, की तो पसरल्यासारखा दिसतो.

शनिवारी आडगावहून निमाणी, निमाणीहून सातपूर,
पपया नर्सरीला उतरून चालत घरी.
पप्पा जमिनीवर बसलेले,
पुढ्यात कंपनीच्या जुन्या चलनांचा गठ्ठा,
पाठकोऱ्या बाजूला सह्याच सह्या.
उजव्याची उरलेली बोटं कागद दाबून धरतायत,
डावा लिहितोय.
मंगळवारपासून चाललंय, मम्मी म्हणाली,
दोन पेनं संपली.
फोनवर मी फक्त तिलाच सांगितलं होतं.

बघ, पप्पा म्हणाले, र ला आता शेपूट येतंय.
येत होतं.
पण ती सही पासबुकातल्या माणसाची नव्हती,
हमीपत्रावरच्याही नाही,
दोघांच्या मधल्या कुणाची तरी.

सोमवारी मी खिडकीतून गठ्ठाच आत सरकवला.
पगार मॅडमनी एकेक पान उलटलं.
मागून कुणीतरी म्हणालं, आटपा ना.
मग त्यांनी खणातून वेगळाच कागद काढला,
बँकेचा, सही बदलून घेण्याचा.
असे चार-पाच त्या ठेवूनच असतात.
आधी हा, म्हणाल्या, मग माझा.
पंधरा तारीख उलटली तर मी आहे.
मी आहे म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

पैसे अजून आलेले नाहीत.

काल तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं,
पंजात हाडं किती?
सत्तावीस, म्हणाले मी.
जरा वेळ लागला.
सर म्हणाले, एवढं सोपं,
यात विचार कसला करायचा?