सातवा फ्यूज

इंजिनाची बॅटरी वेगळी, घराची वेगळी.
म्हणजे गाडी केव्हाही सुरू होईल,
मी कुठेही जाऊ शकेन,
फक्त पहाटे तीनला हीटरचा पंखा थांबतो
आणि नाकाचा शेंडा गार पडतो.

क्वार्ट्झसाइटच्या खडीत आमचा हा नववा हिवाळा.
आमचा म्हणायची सवय.
ऑरिन ऐंशी मैलांवर, यूमाच्या शुश्रूषागृहात,
खिडकीजवळच्या कॉटवर.

पायरीखालची पेटी उघडली.
चार बॅटऱ्या, सहा-सहा व्होल्टच्या, जोडीजोडीनं बांधलेल्या.
जोडीतला एक थकला की दुसराही ओढत नाही.
तारांच्या टोकांवर हिरवट-निळी साय.
यूलालियानं खायचा सोडा दिला, तो पाण्यात कालवून ओतला,
फसफसू दिला, जुन्या टूथब्रशनं घासला.
आधी ऋण तार काढायची, मग धन.
लावताना उलट.
एकतीस वर्षं शाळेची बस चालवली मी,
क्रम चुकला की काय होतं ते मला सांगू नका.

झाकणं काढली. बारा घरं.
तिघांतलं पाणी पट्ट्यांच्याही खाली गेलेलं.
पट्ट्या बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर,
बाकीचं चार्ज झाल्यावर.
घाई केली की उतू येतं, आम्ल घेऊन;
या जीन्सची भोकं फॅशनची नाहीत.

गेलॉर्ड आपली घडीची खुर्ची घेऊन बघायला आला.
म्हणाला, लिथियम घे.
आणि बसून राहिला,
जणू ते घेतल्याशिवाय उठायचं नाही त्याला.

दिवसभर चार्ज. मग दोन तास नुसतं थांबायचं.
नुकती भरलेली बॅटरी आकडा फुगवून सांगते.
तिला जरा निवू द्यावं, मग विचारावं.
बारा पॉइंट सात.
अकरा घरांत हायड्रोमीटरचा तरंग हिरव्यात,
एकात हिरव्याच्या काठावर.
जगेल एवढं वर्ष.

तरी सकाळी अकरा पॉइंट आठ.

म्हणजे कुणीतरी पितंय.

सगळं बंद केलं, मीटर मध्ये जोडला:
दोन अँपिअर, कशालाच.
मग एकेक फ्यूज उपटत गेले.
झाकणाच्या आत ऑरिनच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या:
पंप. दिवे. फ्रिज.
गॅसचा भोंगा, खाली दोन रेघा, हा काढायचा नाही.
सातव्यावर: माहीत नाही.

तो उपटला आणि आकडा धपकन खाली.
आत जाऊन घरभर फिरले, सगळी बटणं दाबून पाहिली.
काहीच बंद पडलं नव्हतं.

रात्री आडवी झाल्यावर कळलं.
गुणगुण थांबली होती.
ती मी माझ्या कानांतली समजत होते,
वयाची,
तिच्यासाठी दोन वर्षं थेंब घातले,
आणि ती भिंतीत होती.

रविवारी यूलालियाचा पिकअप घेऊन यूमाला गेले.
त्याची नखं कापता कापता विचारलं,
सातवा फ्यूज कशाचा रे?
त्यानं माझ्याकडे बघितलं,
बदली ड्रायव्हरकडे मुलं बघतात तसं.
मग छान हसला.
माहीत नाही, म्हणाला,
अगदी त्या चिठ्ठीवरच्या अक्षरात.

आता हीटर रात्रभर चालतो.
पहाटे बारा पॉइंट तीन, नाक ऊबदार.
पण पडद्यांमागे एवढी शांतता
की खडीवरून कोल्हा गेला तरी मोजता येतात पावलं.
झोप लागत नाही.

म्हणून नऊ वाजता सातवा परत लावते,
दहाला काढते.
दोन अँपिअर-तास. वहीत लिहिते,
'कशासाठी' हा रकाना मोकळा सोडते.
गेलॉर्डला सांगितलेलं नाही.

मार्चमध्ये ऊन वाढेल, पॅनेल धुऊन घेईन.
हिशेब करून पाहिलाय,
सव्वादहापर्यंत परवडेल.