संस्थेची ओळख, दोनशे शब्दांत

मॅडम म्हणाल्या, भामरे,
प्रवेशाच्या पुस्तिकेसाठी संस्थेची ओळख लिहा,
दोनशे शब्द पुरे,
तुमच्याइतकं जुनं इथं कोणी नाही
त्या शेपिंग मशीनशिवाय.

मी स्टोअरकीपर. माझं लिखाण म्हणजे रजिस्टर:
तारीख, अवजार, टोकन नंबर, सही.
म्हणून सुरुवात तशीच केली.
मंजूर व्यवसाय चौदा, चालू अकरा,
तिघांना निदेशक नाही.
(हे मॅडमनी खोडलं.)
ठिकाण सातपूर, कारखान्यांच्या पाठीला पाठ लावून.
भोंगा त्यांचा, तास आमचा.
(हे ठेवलं.)

पहिला महिना मुलं नुसतं लोखंड घासतात.
खैरनार सर तुकड्याला गुण्या लावतात,
खिडकीकडे धरतात,
फटीतून उजेड दिसला की म्हणतात, घास अजून.
पेठहून पहाटेच्या एसटीनं आलेलं पोरगं
उजेड बघतं आणि तोंड पाडतं.

माझ्या खिडकीत पितळी टोकन द्यायचं, अवजार न्यायचं.
अवजार आलं की टोकन परत.
मालेगावचा मुदस्सर टोकन दातात धरून उभा राहायचा.
ओरडलो तर म्हणाला, चाचा, खिशाला भोक आहे.
दुसऱ्या दिवशी शिवणकामाच्या वर्गातून
कोणीतरी खिसा शिवून दिला.
तरी सवय गेली नाही.

वेल्डिंगला पहिली मुलगी निर्मळा भोये, सुरगाण्याची.
तिच्या मापाचे हातमोजे स्टोअरमध्ये नव्हते.
मी मागणीपत्रात लिहिलं: हातमोजे, लहान, एक जोड.
चार वेळा लिहिलं.
जोड आली तेव्हा निर्मळा अंबडला कामाला लागून
सहा महिने झाले होते.
आता वेल्डिंगला तीन मुली आहेत,
जोड तीच,
पाळीपाळीनं घालतात.

संध्याकाळी साडेसहाला दुसरंच कॉलेज भरतं.
वीस वर्षं नळ जोडणारे येतात.
त्यांना सगळं येतं, फक्त कागद नाही.
निदेशक गुपचूप त्यांच्याकडून दोन गोष्टी शिकतात
आणि मग त्यांचीच परीक्षा घेतात.
सिडकोच्या पुष्पलता अहिरराव, वय त्रेपन्न,
घरगुती वायरिंगच्या वर्गाला
भजनाला जाते असं घरी सांगून यायच्या.
टेस्टरचा दिवा लागला की आधी हात जोडायच्या,
मग स्वतःलाच हसायच्या.
एका रात्री त्यांच्या गल्लीची लाईट गेली
आणि भजन उघडं पडलं.
आता त्यांचे यजमान त्यांना स्कूटरवर सोडतात,
बाहेर चहाच्या टपरीवर थांबतात,
आणि फ्यूज म्हणजे काय ते
टपरीवाल्याला समजावून सांगतात.

(मॅडम म्हणाल्या, छान आहे, पण वसतिगृहाचं लिहा.)
वसतिगृह आहे. खाटा चाळीस, मुलं सत्तावन्न.
पाणी सकाळी.

एक गोष्ट मात्र रजिस्टरातच राहू द्या.
माझ्या फळीवर एकतीस नंबरचं टोकन
सतरा वर्षं एकाच खिळ्याला लटकतंय.
त्यावर गेलेलं सहा इंची व्हर्नियर आलं नाही,
नेणारा दगू पिंगळेही आला नाही.
वसुली माझ्या पगारातून झाली, आठशे चाळीस रुपये.
पंचनाम्यात 'गहाळ' लिहिलं.
टोकन उतरवायला हात गेला होता एकदा.
मग वाटलं, गहाळ कसं म्हणायचं?
असेल कुठेतरी, एखाद्या शेडमध्ये,
तेलकट हातात,
दोन जबड्यांत काहीतरी धरून
बारीक डोळे करून कोणी वाचत असेल.
फळीला रंग दिला तेव्हा
त्या टोकनाभोवतीनं ब्रश फिरवला.

जुलैत मी निवृत्त होतोय.
चाव्या कोणाला द्यायच्या, आदेश आलेला नाही.

शब्द मोजले.
दुप्पट भरले.
मॅडमनी कागद खिडकीकडे धरला,
बराच वेळ पाहिला
आणि खैरनार सरांसारख्याच म्हणाल्या,
घासा अजून.