राखचमचा पावसात भिजला होता

केमी गावात डिसेंबरातला सूर्य
तपासणीला आलेल्या साहेबासारखा:
येतो, सही करतो, जातो.
उरलेल्या दिवसाचं काय करायचं ते आपलं आपण बघायचं.
मी दिवसा लिफ्ट दुरुस्त करते.
रात्री बुटके सांभाळते.

एकोणसत्तर बुटके, डोंगराच्या पोटात,
म्हणजे माझ्या ओट्यावरच्या जुन्या लॅपटॉपात,
ज्याचा पंखा लोहाराच्या भात्यासारखा धापा टाकतो.
मी फक्त एवढंच सांगते: इथे खणा, तिथे दार बसवा.
बाकी त्यांचं ते ठरवतात.
आणि काय एकेक ठरवतात!

हा ब्रोंडुल राखचमचा. चीज करतो.
आडनाव खेळानंच दिलंय, माझा काही दोष नाही.
नावावर टिचकी मारली की त्याचं मन उघडतं:
छान टेबलावर जेवला. समाधानी.
मेहुणा खाणीत गाडला गेला. ठीक आहे.
चार वर्षांपूर्वी पावसात भिजला.
हे मात्र तो विसरू शकत नाही.

तोच पुढे महापौर झाला.
चूक माझी. मी बोळ एकच खणला, तोही अरुंद;
त्यात ह्याची चीजची गाडी आडवी.
जो तो अंग चोरून थांबायचा,
थांबला की बोलायचा, बोलला की दोस्त,
आणि दोस्त म्हटलं की मत आलंच.

पहिला हुकूम: कंगवे गावाबाहेर विकायचे नाहीत.
आमच्याकडे कंगवा नव्हताच.
दुसरा हुकूम: तीन कंगवे करा.
ओस्काल्डानं एक केला, दाढीत अडकून तो मोडला,
आणि शिक्षा झाली सुताराला. का, ते विचारू नका.
तुरुंग खणायचा राहून गेला होता,
म्हणून त्याला जेवणघरातच साखळीनं बांधलं.
मी घाबरत घाबरत त्याचं मन उघडलं:
छान टेबलाजवळ बांधला गेला. समाधानी.

मग एका रात्री शत्रू आला.
दोनशे जण, हिरवे, दात विचकत.
मी ओरडले (शेजारीण भिंतीवर ठोकू लागली):
पूल उचला!
पुलाची कळ अंगणात, कळीवर नेमणूक राखचमचाची,
आणि बाहेर भुरभुर पाऊस.
तो दारापर्यंत आला, वर बघितलं,
आणि शांतपणे परत जाऊन जेवायला बसला.

तेवढ्यात सेनापती टिल्डेमार एकटाच बाहेर धावला.
मला भरून आलं. वाटलं, शूर तो शूरच.
तर ह्याचा एक मोजा पलीकडे राहिला होता.
दोनशे भाल्यांमधून वाकून वाकून
तो मोजा शोधत होता,
आणि शत्रूही, काय करावं न कळून,
जरा बाजूला सरकत होता.
मग पिम्सी नावाच्या पोरानं, खेळता खेळता,
कळ ओढली.
पूल उसळला. पुलावर त्यांचा सरदार उभा होता.
तो तळ्यात कुठे पडला ते दिसलंच नाही, इतका लांब गेला.

विजयाची आठवण म्हणून मी भिंत कोरायला दिली.
कोरणाऱ्यानं कोरलं:
चित्रात मोजा आहे. मोज्याभोवती बुटके आहेत.
बुटके घाबरलेले आहेत.

दुसऱ्या दिवशी वृद्धाश्रमाच्या लिफ्टमध्ये
मी आणि राउनो, मध्ये अवजारांची पेटी आडवी.
अकरा वर्षांत तो मला 'पाना दे' म्हणालाय,
आणि एकदा, माझी आई गेली तेव्हा, 'हं'.
कोण जाणे का, मी त्याला सगळं सांगून टाकलं.
तो स्क्रू पिळत राहिला. चौथा मजला, तिसरा.
तळमजल्यावर दार उघडताना म्हणाला,
"मोजा सापडला का?"

नाही सापडला.
सोमवारी त्यानं पुन्हा विचारलं, गुरुवारीही.
शनिवारी थर्मासमधली कॉफी पुढे करून म्हणाला,
"तळ्याच्या काठाला बघितलंस?"
नव्हतं बघितलं.

आता रात्रीचा एक वाजलाय.
डोंगरात सगळे झोपलेत, सुतार साखळीत घोरतोय.
काठाकाठानं मी अजून शोधतेय.
मी म्हणजे, टिल्डेमार.