सात नंबर

धारूरच्या घाटाखाली, आवरगावच्या माळावर
केराप्पाच्या मेंढरांच्या गळ्यात
मी बारा डब्या बांधल्या.
काडेपेटीएवढ्या. आत एक रेडिओ, दोन सेल
आणि तीन वर्षं खपून लिहिलेल्या चारशे ओळी.

इथं टॉवर नाही. मेंढरंच टॉवर.
एकीनं दुसरीला सांगायचं, दुसरीनं तिसरीला,
असं करत निरोप पोचवायचा
बाभळीखालच्या माझ्या लॅपटॉपपर्यंत.
वाट कुणी आखलेली नाही.
कळप हलला की वाट बदलते.

पहिले तीन दिवस निरोप झपाझप आले.
जवळची वाट, कमीत कमी टप्पे,
मी खूश.
चौथ्या दिवशी सात नंबर गेला
आणि कळपाचे दोन तुकडे झाले पडद्यावर.
पलीकडच्या पाच डब्या जिवंत,
सेल भरलेले,
बोलतायत.
कुणाशी?

सेल बदलले. पुन्हा सातच.
मी सोल्डर तपासलं, अँटेना तपासली,
कंपनीला शिव्या दिल्या.
केराप्पा तंबाखू मळत म्हणाला,
"डबीला काय बी झालं न्हाई, मॅडम.
ती बुटकी हाय ना, कायम मधीच चालती.
पुढच्या समद्या हिलाच सांगायल्यात,
मागच्या समद्या हिलाच सांगायल्यात.
मग ती मरंल न्हाई तर काय?"

रात्री कंदील जवळ ओढून
जवळची वाट शोधणारी ओळ खोडली.
आता पाठवण्याआधी विचारायचं:
तुझ्यात किती उरलंय?
प्रत्येक वाटेवरची सगळ्यात थकलेली बघायची,
आणि जिथली थकलेलीही त्यातल्या त्यात तग धरून असेल
ती वाट घ्यायची. वळसा पडला तरी.
शेजारणीशी हळू बोलायचं,
उगाच ओरडण्यात अर्धा सेल जातो.
काम नसेल तेव्हा झोपायचं,
मधून मधून फक्त कान उघडायचे.

अकराव्या दिवशी सात नंबर चालू होता.
निरोप येत होते, जरा रेंगाळत,
ओढ्याकडून, टेकाडामागून,
ज्यांना आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं
त्या तीन नंबर, दहा नंबरवरून.

संध्याकाळी रेंजसाठी डांबरी रस्त्यापर्यंत चालत गेले.
अंगठा सवयीनं छायाताईच्या नावावर.
बाबांना सांग, मी बरी आहे.
नंदूला सांग, पैसे टाकलेत.
काकूंना विचार, अजून रागावल्यात का.
रेणापूरच्या शाळेतून दमून आलेली ताई,
बीपीची गोळी हातात,
सतरा वर्षं आम्हा सगळ्यांचे निरोप
इकडून तिकडे.
कुणी कुणाशी थेट बोलत नाही
आणि घर एक आहे असं वाटत राहतं.

अंगठा उचलला.
नंदूचा नंबर शोधायला वेळ लागला,
दोन वर्षं लावलाच नव्हता.
"कोण?" तो म्हणाला.
मी नाव सांगितलं.
पलीकडे बराच वेळ
ट्रॅक्टरचा आवाज येत राहिला.