पिंपाला नालायक

टेप छातीच्या उंचीवर लावायची, असा नियम आहे.
मी एका बाजूनं निघालो, डेल्फीन कुबियाक दुसऱ्या,
आणि बुंध्यामागे आम्ही एकमेकांना दिसेनासे झालो.
"आहात ना?" पलीकडून तिनं विचारलं.
एकोणीस फूट चार इंच.
पेन्सिलीनं लिहिलं. नोव्हेंबरात इथे पेन चालत नाही,
सरोवर नऊ मैलांवर असलं तरी वारा दारातच असतो.

उंचीसाठी मागे सरकत सरकत
मी रस्ता ओलांडून बटाट्याच्या शेतात गेलो.
तिथून दिसलं,
मेपल केव्हाच मोकळे होऊन बसलेत,
आणि हा तांबडा ओक वाळकी पानं धरून उभा,
चामड्याच्या रंगाची, चामड्यासारखीच वाजणारी.
जवळ येऊन एक पान उचललं.
खाचांमधल्या प्रत्येक टोकाला एकेक केस,
टोचत नाही,
बोटाला फक्त कळतो.
सालीवर उभे चकचकीत पट्टे,
बर्फावर स्कीचे माग उमटावेत तसे,
कुणीतरी सरळ वर चढत गेलेलं
आणि खाली न आलेलं.

तिचा बाप, काझिमिर, पिंपं बांधायचा.
शेतातले पांढरे ओक एकेक करून कारखान्यात गेले.
हा राहिला.
का, ते त्यानं तिला एकदा दाखवलं होतं,
ती आठ वर्षांची, वादळानंतरची सकाळ,
तुटलेल्या फांदीची वीतभर काडी,
एक टोक बादलीत, एक ओठांत.
फुंकली.
पाण्यात बुडबुडे!
ती हसून हसून गवतावर लोळली.
"बघितलंस? आत नुसत्या नळ्या.
ह्यात व्हिस्की भर, सकाळपर्यंत जमीन पिऊन झोपलेली असेल.
पांढऱ्याच्या नळ्या बुजलेल्या असतात, तो राखतो.
हा? नालायक."
आणि नालायक म्हणताना बुंध्यावर थाप,
घोड्याच्या मानेवर मारतात तशी.

ही काडी तिनं मलाही फुंकायला लावली.
बादली अजून तीच असावी.
मी पन्नाशीचा माणूस, सरकारी जाकीट घातलेला,
गुडघ्यांवर बसून बुडबुडे काढत होतो,
आणि थांबवेना.

शेवटच्या वर्षी नळी त्याच्याच नाकात होती.
खाट खिडकीशी, यंत्र रात्रभर घरघरणारं.
डॉक्टर बाई फोटो घेऊन आल्या, छातीचा,
तेव्हा म्हणाला, "कळलं. बुजल्या.
आता मी पांढरा ओक.
करा माझं पिंप."
डॉक्टर बाईंना कळलं नाही.
डेल्फीन स्वयंपाकघरात जाऊन
बराच वेळ एकच कप धूत राहिली.

झाडाखाली एकॉर्नचा खच.
खारी पळवत होत्या, खात नव्हत्या.
कडू असतात ना, म्हणाली ती,
पांढऱ्याची गोडसर, ती तिथल्या तिथे संपतात.
ही पुरून ठेवतात, वसंतापर्यंत,
आणि निम्मी विसरतात.

मग तिनं जे सांगितलं
त्याला माझ्या तक्त्यात रकाना नाही.
ह्या झाडाचं फळ पिकायला दोन उन्हाळे लागतात.
पहिल्या वर्षी नुसती गाठ, मोहरीएवढी, फांदीला चिकटून,
कुणाला दिसतसुद्धा नाही.
गेल्या वर्षी मे महिन्यात तुरे लोंबले
तेव्हा तो होता.
पिवळी धूळ खिडकीतून पांघरुणावर आली,
तो शिंकला, पोलिशमध्ये शिव्या घातल्या,
यंत्राचा आवाज वाढला.
ऑक्टोबरात गेला.
"म्हणजे ही," ती पायाकडे बघत म्हणाली,
"त्याच्या शिंकेच्या वेळची."

मी विचारलं, शेऱ्यात काय लिहू?
तिचं लक्ष नव्हतं.
वाकून तिनं एक उचललं,
टोपी काढली,
आत बघितलं,
पुन्हा घातली.