चार वाजून दहा

युनिट उदगीरला आलं तेव्हा
बिदर रोडवरचं आमचं रिकामं शटर
त्यांनी भाड्यानं घेतलं, वर्षाच्या बोलीवर.
पाटी लावली : शांभवी झेरॉक्स.
समोर, नालीच्या पलीकडं, नागेश मोबाईल रिपेअरिंग.
मधल्या बारा फुटांत प्रेम होणार होतं.

मशीन म्हणजे नुसतं खोकं.
आत दोन विटा, एक हिरवी ट्यूब,
आणि खाली उकिडवा बसलेला हणमंतू स्पॉटबॉय,
बटण दाबत : चालू, बंद, चालू.
तरी पहिल्याच दिवशी एक म्हातारी
आधार कार्ड घेऊन काउंटरला उभी राहिली.
साळसकर सर म्हणाले, राहू द्या फ्रेममध्ये.
तिला झेरॉक्स शेवटपर्यंत मिळाली नाही.

मला काम मिळालं कंटिन्युइटीचं.
एक रजिस्टर, रोजचे सहाशे.
कप कुठल्या हातात, चहा किती उरलेला,
ओढणी कुठल्या खांद्यावर, केसात क्लिप कुठली.
भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून ठेवलेला,
कायम चार वाजून दहा;
सकाळी नऊला शूट करा नाही तर रात्री,
त्यांचं भांडण दुपारीच व्हायचं.

दुसरं काम फुकटातलं.
संवाद पुण्याहून यायचे, इस्त्री केलेले :
‘तू काय करतो आहेस?’
मी खोडून वर लिहायची : ‘काय करलालास?’
नाशिकचा हिरो त्या ‘लला’त पाय अडकून पडायचा,
सात टेक, आठ टेक,
मग हसत सुटायचा स्वतःलाच.
ते हसू नवव्या भागात तसंच राहिलं.
मला विचाराल तर अख्ख्या मालिकेत
तेवढंच एक कुणी लिहिलेलं नव्हतं.

साठाव्या भागात शांभवी बोलणार होती.
तिचं वाक्य मी आधीच आपल्या भाषेत
रजिस्टरच्या मागच्या पानावर करून ठेवलेलं.

पण आठची वेळ गेली.
साडेसहाला टाकली; तेव्हा बाया भाकरी थापत असतात.
मग रात्री अकराला.
अकराला आमची आई एकटी बघायची,
अप्पा झोपलेले म्हणून आवाज बंद करून.
माझे सगळे ‘करलालास’, ‘येलालाव’
आमच्याच घरात मुके.

फोन आला तेव्हा सरांच्या हातात वरणभात होता.
सत्तेचाळीसला आटपा.
लेखकानं एका रात्रीत दुबईचा मामा आणला,
कर्ज फेडलं, आत्याला रडवलं,
एकवीस मिनिटांत सगळ्यांचं चांगलं केलं.
लग्नाला पैसे नव्हते.
म्हणून बाराव्या भागातल्या स्वप्नातला
हाराचा शॉट उचलून शेवटी चिकटवला.

मी म्हणाले, सर, स्वप्नातली क्लिप निळी आहे,
आज दिवसभर तिच्या केसात लाल.
सर म्हणाले, महानंदा, आता कोण बघतंय.
मी रजिस्टरात लिहिलं : क्लिप जुळत नाही.
त्या हिशेबानं त्यांचं लग्न
अजून स्वप्नातच आहे.

बावीस दिवसांचे पैसे राहिले ते राहिलेच.
काउंटर ठेव म्हणाले, पाटी ठेव, घड्याळ ठेव.
लोक मात्र येतच राहिले,
परीक्षेचे फॉर्म, पासबुकं, जातीचे दाखले घेऊन,
कुणी सांगायचं त्यांना आत विटा आहेत म्हणून.
शेवटी बचत गटातून उचल घेऊन
लातूरहून जुनी मशीन आणली. कागद अडकतो. चालते.
पोरं मला शांभवी मॅडम म्हणतात, मी ओ देते.

परवा हिरोचा फोन आला.
कुठंतरी ऑडिशन होती, गावाकडच्या गुंडाची.
‘ते एकदा म्हणून दाखव ना.’
म्हटलं.
तो पहिल्याच झटक्यात बरोबर म्हणाला,
‘काय करलालास?’
समोर नागेशच्या जागी आता चिकनचं दुकान आहे.
मी तिकडं बघत राहिले.

मग त्यानं विचारलं,
साठाव्या भागात ती काय बोलणार होती गं?
गिऱ्हाईक आलंय, मी म्हणाले, ठेवते.

खरंच आलं होतं.
दोन्ही बाजू, दोन प्रती.