नमुना सतरा

फुलाखाली पांढरा कागद धरायचा
आणि देठाला टिचकी मारायची.
पडतात ती कुसळं वाटतात,
मग चालू लागतात.
फुलकिडे. काळी ती मादी, पिवळा तो नर,
दोघंही जेमतेम मिलिमीटरभर.

सुकांती वेळीपच्या उतारावर
एका फुलातून पडले एकोणीस.
मी पेन्सिलीनं लिहिलं: खोला, मिरची, फूल, सतरा.
अल्कोहोलात शाई टिकत नाही.

पाच वेळा मारलं, ती म्हणाली.
आधी डब्यावर लिहिलंय तेवढं,
मग दुकानदार म्हणाला तेवढं,
मग दुप्पट,
मग दुसऱ्या नावाचं तेच.
तरी पानं वर वळलेली, होडीसारखी,
वल्ह्याविना.

जुन्या गोव्यातल्या थंड खोलीत,
जिथं चर्चची घंटा ऐकू येते पण वेळ कळत नाही,
मी एकेक देह चिरडते.
एका देहाचा एक थेंब,
आणि थेंबात मज्जेच्या एका दाराचा मजकूर.
विषाला ते दार उघडं अडकवून ठेवायचं असतं.
मग पाय थरथरतात,
थरथरता थरथरता थांबतात.
एवढंच त्याचं काम.

पडद्यावर रंगीत लाटा.
शेकडो अक्षरं जिथल्या तिथं,
आणि एका जागी
निळं हवं तिथं लाल.
दाराची चौकट तसूभर हलते,
विषाचा पाय अडकत नाही.

मादीच्या लाटेत कधी कधी दोन्ही,
निळ्यावर लाल,
एक आईचं, एक बापाचं.
नराच्या लाटेत नेहमी एकच.
त्याला बाप नसतो.
न फळलेल्या अंड्यातून तो जन्मतो
आईची अर्धी वही घेऊन;
झाकायला दुसरी प्रत नाही.
निळं असेल तर पहिल्याच फवाऱ्यात गेला.
लाल असेल
तर सकाळपासून सगळा उतार त्याचा.

मला वाटायचं, विषानंच हे अक्षर लिहिलं.
मग कपाटाच्या तळाशी एक कुपी सापडली,
माझ्या आधीच्या कुणाच्या तिरप्या हातातली:
पपई, लोलये, परसातली. फवारणी नाही.
आत तीन नर.
दोन निळे.
एक लाल.

म्हणजे रोपांच्या कुठल्या तरी खोक्यातून
समुद्र ओलांडून आला तेव्हाच
त्याच्या खिशात ते होतं.
विषानं फक्त बाकीच्यांना
रांगेतून काढलं.

हे सांगायला खोल्याला गेले तेव्हा
सुकांती चटईवर बियाणाच्या मिरच्या निवडत होती.
अख्ख्या ढिगातून मूठभर,
त्याच लाल, त्याच बाकाच्या
जशा तिच्या आईनं ठेवल्या असत्या.
मला उपमा शोधावी लागली नाही.
ती ऐकत राहिली, मग म्हणाली,
"म्हळ्यार वीख मारून आमीच तांकां वेंचून काडले?"
होय म्हटलं.
हातातली मिरची तिनं खाली ठेवली,
पाहिली,
पुन्हा उचलली.

मग मी अवघड ते सांगितलं.
शेवटच्या दोन ओळींवर यंदा काही मारू नकोस.
मरू शकणाऱ्यांना कुठं तरी जगू दे.
त्यांचे नर उडत येतील या बाजूला,
निळं अक्षर अगदीच संपणार नाही.

ती हसली. रागानं नाही.
"त्यो वळी कोणाच्यो, बाये?
तुज्यो काय म्हज्यो?"

उत्तर नव्हतं.
मी एक फूल धरलं, खाली कागद, टिचकी.
अठरा नंबरची कुपी.
निघताना मिरचीचा भाव विचारला,
दोन ओळींची झाडं मोजली
आणि कागदाच्या मागच्या बाजूला
गुणाकार मांडला,
पेन्सिलीनंच.